डाव्या पायाचे दोन मिलिमीटर

३ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळं मनात कोंडून ठेवता, म्हणून रक्तदाब चढतो. रोज चार ओळी लिहीत चला." माझ्या मनात काय आहे हे त्यांना ठाऊक असतं तर असं म्हणाल्या नसत्या. असो. वही जुन्या लाकडी साच्यांच्या कपाटात ठेवणार आहे, तिकडे कोणी फिरकत नाही.

खाली आमचं बुटांचं वर्कशॉप, वर घर. बूटही साधे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा वाकडा, कुणाची बोटंच नाहीत, अशांचे. आमचे हे गिऱ्हाइकांचे पाय मोजतात, मापं कार्डावर लिहितात. ती मापं मी माझ्या प्रोग्राममध्ये भरते, प्रोग्राम चामड्याचे तुकडे आखतो, मशीन कापतं. 'माझ्या प्रोग्राममध्ये' असं मुद्दाम लिहिलंय. मुलगी पाळण्यात होती तेव्हा एका पायाने पाळणा हलवत लिहिलाय तो. सतरा वर्षं हे घर त्यावर जेवतंय.

आता नवं कापायचं मशीन यायचंय आणि त्याला जुन्या प्रोग्रामच्या फायली कळत नाहीत. प्रोग्राम बदलायला हवा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो लिहिला ते माझ्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर आहे, आणि तो कॉम्प्युटर तर दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकतोय. भावजींनी नवा विंडोज लॅपटॉप आणला, त्यावर ते सॉफ्टवेअर चढेना. तेव्हा जेवताना धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, माझ्या मॅकवर चालवून बघू का?"

लग्नाला आठ महिने झाले नाहीत, आणि म्हणे चालवून बघू का! भावजी तर असे फुलले, जणू चाललंच.

मी म्हटलं, "बघ की." दुसरं काय म्हणणार?

५ सप्टेंबर, बुधवार

धाकटीचा मॅक माझ्या टेबलावर आला. चपटा, करडा, आवाज न करणारा. माझा कॉम्प्युटरचा डबा बाजूला सरकवला. "तात्पुरतं हं ताई," म्हणाली. तात्पुरतं म्हणून आलेलं पुन्हा कधी गेलंय?

ह्यांनी तिला विचारलं, विंडोजचं सॉफ्टवेअर मॅकवर चालेल कसं? मला सतरा वर्षांत एक प्रश्न विचारला नाही कधी. तर ती सांगायला लागली. मॅकवर विंडोज टाकायचंच नाही म्हणे. मध्ये एक थर असतो, कंपॅटिबिलिटी लेयर. "दादा, असं बघा. ताईंचा प्रोग्राम विंडोजला हाक मारतो, की खिडकी उघड, फाईल दे. विंडोज घरात नाहीच. पण हा थर विंडोजच्या आवाजात 'ओ' देतो आणि काम मॅककडून करून घेतो. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही."

"म्हणजे तोतया," मी म्हटलं.

"हो!" ती खळखळून हसली. "पण प्रेमळ तोतया, ताई. विंडोजच्या खोडीसुद्धा तश्शाच करतो. कारण जुने प्रोग्राम त्या खोडी धरूनच लिहिलेले असतात ना. आपण शहाणपणा करून खोड काढली, तर बिचारा प्रोग्राम अडखळतो."

हे म्हणाले, "वा! किती सोपं करून सांगितलंस." मी चहा आणायला उठले. तिचा बिनसाखरेचा, हे यांनी मला आठवण करून दिलं. माझ्या चहात आलं चालत नाही हे मात्र अजून यांच्या लक्षात राहत नाही.

६ सप्टेंबर, गुरुवार

चालेना. दहा वेळा चढवलं, दहा वेळा पडलं. पडद्यावर लाल अक्षरांची रांगच रांग. छान झोप लागली दुपारी.

९ सप्टेंबर, रविवार

चाललं.

लिहायचं नव्हतं, पण डॉक्टरबाईंना वचन दिलंय. सकाळी धाकटी जिन्यातूनच ओरडत आली, "ताई, खाली चला, खाली चला!" बघते तर तिच्या त्या चकचकीत पडद्यावर माझं ते जुनं सॉफ्टवेअर उघडलेलं. तीच राखाडी बटणं, तीच निळी पट्टी. अक्षरं जराशी जाड दिसत होती, एवढंच. कपाटातली आपली साडी दुसरीने नेसून समोर उभी राहावी तसं वाटलं मला. आणि मेली तिला शोभतही होती.

जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं तिने उतरवूनही घेतलं. प्रोग्राम, सतरा वर्षांच्या फायली, सगळं.

मग ती माझ्या ओळी वाचायला लागली. मोठ्याने! प्रोग्राममध्ये मी जागोजागी स्वतःसाठी टिपा लिहून ठेवल्यात, त्या. "'हे का चालतं माहीत नाही. चालतंय ना? मग इथे हात लावू नये.' ताई, हे तुम्ही लिहिलंत?" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. भावजी हसले, हे हसले. माझे कान तापले.

"ताई, खरंच, कोणी शिकवलं नाही आणि हे सगळं एकटीने?" ती म्हणाली. "मी चार वर्षं कॉलेजात काढली, मला नसतं जमलं."

टोमणा कळतो मला. दुधखुळी नाही मी.

१० सप्टेंबर, सोमवार

नवं मशीन आलं. त्यासाठी प्रोग्राममध्ये कुठे काय बदलायचं ते मी सांगितलं, बदललं तिने. तिची बोटं काय पळतात! मला शेजारी स्टूल दिलं होतं. माझी खुर्ची तिच्याखाली.

सासूबाई जिन्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हिच्या हाताला यश आहे हो." सतरा वर्षांत माझ्या हाताला काय होतं, ते त्यांनाच माहीत.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज जे लिहिणार आहे ते ह्यांनाही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

माझ्या प्रोग्राममध्ये पहिल्यापासून एक खोट आहे. डाव्या पायाचा पंजा दोन मिलिमीटरने अरुंद येतो. उजवा बरोबर, डावाच अरुंद. अगदी पहिल्या महिन्यात एक बाई डावा बूट परत घेऊन आल्या तेव्हा कळलं. पंधरा दिवस शोधलं, सापडलं नाही. नुकता कुठे धंदा सुरू झालेला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चुकीचा प्रोग्राम लिहिला हे कोणत्या तोंडाने सांगू? मग मी मापं भरतानाच डाव्याला मनातल्या मनात दोन मिळवायला लागले. कार्डावर चौऱ्याण्णव असेल तर शहाण्णव भरायचे. बूट बरोबर यायला लागले. आता बोटांनाच सवय झालीये, मला कळतही नाही मी मिळवते ते.

आज नव्या मशीनवरचं पहिलं गिऱ्हाईक बँडमास्तर होते. शाळेचा बँड बसवतात, डावा पाय लहानपणच्या अपघाताने आखूड. चोवीस तारखेला परेड आहे, सगळ्यांत पुढे तेच चालतात. त्यांचं कार्ड धाकटीने घेतलं. मी मागे उभी होते. तिने उजवा भरला. मग डावा भरला, चौऱ्याण्णव. बोट बटणावर ठेवून थांबली.

"ताई, डावा एवढाच ना?"

सांगायला काय हवं होतं? दोन शब्द.

"कार्डावर आहे ते आहे," मी म्हटलं. "चहा घेतेस?"

१४ सप्टेंबर, शुक्रवार

मशीनने कापलं. सुईसारखं बारीक पातं, चामडं लोण्यासारखं सुटतं. सगळे कौतुकाने बघत होते. भावजींनी तिचा मॅकसकट फोटो काढला. मी फोटोत आहे, पण अर्धा खांदा.

हे कारागीर आहेत, शिवताना यांचे हात थांबत नाहीत. डावा बूट शिवताना मात्र एकदा थांबले, आत अंगठा घालून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "मॅकचं माप आहे, चुकायचं नाही." म्हणजे माझं माप होतं तेव्हा चुकायचं होय?

बरं झालं मी बोलले नाही, असं तेव्हा वाटलं. खरं तेच लिहिते.

१७ सप्टेंबर, सोमवार

बँडमास्तर आले. उजवा बूट घातला, खूश. डावा घातला, दोन पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं. हे म्हणाले, "नवं चामडं आहे, जरा चाला." बिचारे अंगणभर तीन फेऱ्या चालले. बूट काढला तर करंगळीच्या बाजूला लालभडक वळ.

"मालक," ते हसत म्हणाले, "मी डावा टाकला की अख्खा बँड डावा टाकतो. मी लंगडलो तर चाळीस पोरं लंगडतील हो!"

कोणी हसलं नाही. धाकटी पांढरीफटक पडली. "माझीच चूक आहे," म्हणाली. "मधल्या थरात काहीतरी गडबड झाली असणार. आकडेमोडीत. मी शोधते. चोवीसच्या आत देते तुम्हाला, काका." खाली वाकली आणि त्यांच्या त्या वळावर स्वतः मलम लावलं.

हाच दिवस यावा म्हणून टपले होते ना मी? आला. सासूबाई म्हणाल्या, "नव्याची नवलाई." हे सतरा वर्षांनी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या हातून असं कधी झालं नव्हतं." हे ऐकायला जीव तळमळत होता माझा.

जेवण गेलं नाही. तो वळ डोळ्यांपुढून हलत नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

धाकटी सकाळपासून मॅकला चिकटली आहे. थर काढून पुन्हा घातला. जगात कुठेकुठे हा थर बनवणारी माणसं आहेत, त्यांना चिठ्ठ्या पाठवल्या, की आकडे चुकतात का हो? त्यांनी उत्तरं पाठवली, की नाही बुवा, आमच्याकडे बरोबर येतात. बिचाऱ्या तोतयावर आळ! तो तर माझ्या प्रोग्रामची खोटसुद्धा इमानाने जशीच्या तशी चालवतोय.

दुपारी तिने जुन्या कार्डांचं खोकं मागितलं. "नुसतं बघते, ताई." सतरा वर्षांची कार्डं घेऊन बसली. एक कार्ड बघायची, मग पडद्यावरची जुनी फाईल बघायची. मग दुसरं कार्ड. थर सोडून कार्डांत काय शोधते कोण जाणे. डोकं चालेनासं झालं की माणूस असंच काहीतरी उकरत बसतं.

संध्याकाळी एकदम मॅक मिटला आणि वर येऊन माझ्याबरोबर गप्पपणे भाजी निवडायला बसली. मधूनच माझ्या हातांकडे बघत होती.

२० सप्टेंबर, गुरुवार

भावजी आणि हे ठरवून मोकळे झाले. ह्या भानगडीपेक्षा तयार पॅकेज घेऊ. एका कंपनीचा माणूस शनिवारी दाखवायला येतोय. पाय कॅमेऱ्यासमोर धरायचा की झालं, कार्ड नको, मापं भरायला नको. कोणी बसायलाच नको.

"म्हणजे ताईंचा प्रोग्राम?" धाकटीने विचारलं.

"झाली की सेवा त्याची," भावजी म्हणाले. "निवृत्त करू."

हे बूट शिवत राहिले. मानही वर केली नाही.

मला वाटलं होतं हिचा मॅक जाईल. इथे माझाच प्रोग्राम चालला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि तोही आमच्यासारख्या पायांच्या धंद्यात!

धाकटी मात्र शांतपणे म्हणाली, "शनिवारपर्यंत थांबा. सापडेल. ताईंच्या प्रोग्रामला मी हात लावू देणार नाही कोणाला." बघा, आता वकिली पण हीच करणार.

मग भांडी आवरताना माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "ताई, डाव्या पायाबद्दल तुम्हाला काही आठवतं का? काहीही?"

"नाही गं," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागली. आधीच पुसलेलं होतं ते.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सकाळी दूध आणायला गेले तर मैदानावर बँडची तालीम चाललेली. बँडमास्तर जुने झिजलेले बूट घालून पुढे. डावीकडे झुकत चालत होते, आणि चाळीस पोरं, खरंच सांगते, त्यांच्या तालावर जराशी डावीकडे झुकत होती. दुधाची पिशवी घेऊन मी तशीच परत आले, वर गेलेच नाही.

धाकटी मॅकसमोर बसली होती. मी म्हटलं, "डाव्याला दोन मिळवून बघ."

तिने मान वळवली. मला वाटलं आता विचारेल, कशावरून? का? कधीपासून? उत्तर तयार ठेवलं होतं, अंदाजाने म्हणते म्हणून. खोटंच.

तिने काहीच विचारलं नाही. शहाण्णव भरले, बटण दाबलं. पडद्यावर डावा पंजा कार्डाबरहुकूम आला. मग इतकं मोठं हसली, जणू तिचीच परीक्षेतून सुटका झाली. आणि जिन्याशी जाऊन घर डोक्यावर घेतलं. "दादा! आई! ताईंनी शोधलं! मी चार दिवस डोकं फोडतेय आणि ताईंनी एका वाक्यात शोधलं!"

सगळे खाली आले. भावजी म्हणाले, "वहिनी, मानलं." सासूबाई म्हणाल्या, "शेवटी जुनं ते सोनं." ह्यांनी पॅकेजवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं, लग्नानंतर पहिल्या वर्षी बघत होते तसं.

सगळं घेतलं मी. हसून, मान डोलावून, एकही दाणा खाली न सांडता.

२४ सप्टेंबर, सोमवार

परेड. बँडमास्तर नवे बूट घालून पुढे, पाठ ताठ, पाऊल खणखणीत. आमच्यासमोरून जाताना छडी किंचित उंचावली. ह्यांनी नाक शिंकरलं, गर्दीत धूळ फार म्हणून. धाकटीने माझा दंड घट्ट धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

आज धाकटी भावजींबरोबर बाहेर गेली होती. एक कार्ड भरायचं होतं म्हणून मी पहिल्यांदाच एकटी मॅकवर बसले. माझ्या खुर्चीत. सवयीने डाव्याला दोन मिळवून भरले आणि मग वाटलं, हिने आतच दोन मिळवायची सोय केली असेल तर चार होतील. म्हणून प्रोग्राम उघडला. मधल्या थराने ओ दिली, माझ्या ओळी समोर आल्या. डाव्या पायाची ओळ काढली. तिने काही बदललं नव्हतं. माझ्या टिपेखाली फक्त तिची एक टीप होती:

"१८ सप्टेंबर. कार्ड आणि फाईल, सतरा वर्षांची ताडून पाहिली. डाव्याला दर वेळी दोन जास्त. ताई मनात मिळवतात. थराचा दोष नाही. त्या सांगतील. तोवर इथे हात लावू नये."

अठरा. त्या संध्याकाळी भाजी निवडायला येऊन बसली तेव्हाच ठाऊक होतं हिला. वीस तारखेला पातेलं पुसत विचारलं तेव्हा ठाऊक होतं. एकवीसला 'ताईंनी शोधलं' म्हणून ओरडली तेव्हाही. मी तोंडावर 'नाही गं' म्हटलं आणि ही 'बरं' म्हणाली!

ती टीप मी तीनदा वाचली. मग रडू आलं. मग, ही वही आहे म्हणून लिहिते, मग राग आला. तिचा मॅक, तिची बोटं, तिची चार वर्षांची कॉलेजं, सगळ्यांवर जळून झालं होतं माझं. आता एवढंच उरलं होतं. एवढं मोठं मन हिला दिलं कुणी? मला का नाही दिलं? सगळ्यांत जास्त जळले असेन तर आज, ह्यावर.

मी हाकसुद्धा मारली नव्हती. तरी हिने ओ दिली.

रात्रीचं जेवण वाढून झालं. सगळे बसलेले. मी म्हटलं, "ते दोन मिलिमीटर मला सतरा वर्षं ठाऊक होते. बँडमास्तरांचं माप भरलं गेलं तेव्हाही ठाऊक होते. मी मुद्दाम बोलले नाही."

ह्यांचा घास हातात राहिला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे?" भावजी धाकटीकडे बघायला लागले. धाकटी ताटाकडे बघत होती, कान लाल झालेले. टेबलाखालून पाय लावून मला गप्प राहा म्हणून खुणावत होती. डाव्या पायाने.

ह्यांनी घास ताटात परत ठेवला. मग हे म्हणाले, "त्या माणसाच्या पायाला वळ आला होता." एवढंच. ते मला जन्मभर पुरेल. उद्या बँडमास्तरांकडे मी स्वतः जाणार आहे, हे बरोबर येतो म्हणाले नाहीत.

आवरताना धाकटी म्हणाली, "ताई, ती टीप मी पुसणार होते. राहूनच गेली. आत्ता पुसते."

"पुसू नकोस," मी म्हटलं. "राहू दे तिथे. आणि सकाळी खाली ये, दोघी बसू. सतरा वर्षं सापडलेली नाही ती खोट, तुला सापडते का बघू."

"मी शेजारी स्टुलावर बसते," ती म्हणाली.

"खुर्चीत बस," मी म्हटलं. "मेली तुझी बोटं पळतात जास्त."